बादलीतला पिंपळ

महागावचा फाटा मागे पडला तरी प्रेरणाने बादली सोडली नव्हती. गाडीच्या मागच्या सीटवर, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये तिने ती घट्ट धरली होती. रंग संपून रिकामी झालेली पांढरी बादली, आणि तिच्यात पिंपळाचे रोप. खड्डा आला की ती आधी रोपाला सावरी, मग स्वतःला. पुढच्या सीटवरून दीपमाला आरशात हे पाहत होती. पुतणीच्या हातांतली ही निगुती कुणालाही आवडली असती. दीपमालाला ती टोचत होती, कारण त्याच सीटवर, दुसऱ्या खिडकीशी, तिची स्वतःची सम्यका तोंड उघडे टाकून झोपली होती.

"एकही पान राह्यलं नाही त्याचं," गाडी चालवता चालवता राजदीप म्हणाला. "बाबा काय म्हणतील?"

"मले काय इचारता? तुमच्या घराण्याचं झाड हाय. मी काय राजूरहून आणलं होतं?"

राजूर म्हणजे तिचे माहेर, कोळशाच्या खाणीतल्या कामगारांची वसाहत. तिथे वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी पांढरा म्हणून घरात येत नसे. म्हणूनच पुसदला स्वतःचे घर झाले तेव्हा तिने गच्चीवर पांढऱ्या फरश्या हट्टाने बसवून घेतल्या होत्या, आणि म्हणूनच ही बादली गच्चीवर आली त्या दिवशी तिने एकच अट घातली होती: बुडाला भोक पाडायचे नाही. चिखलाचे ओघळ माझ्या फरशीवर चालणार नाहीत.

रोपाची कथा तिला शंभरदा ऐकवली गेली होती. सासऱ्यांचे वडील उकंडा छप्पन साली दीक्षा घेऊन परतले तेव्हा त्यांनी गावाच्या कडेच्या मोकळ्या जागेत पिंपळ लावला. त्याच्या सावलीत पुढे विहार उभा राहिला. गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि पिंपळ गेला. तो पडण्याआधी विहाराच्या भिंतीच्या फटीत त्याच्याच बीचे एक रोप उगवलेले सासऱ्यांना, भीमराजांना, दिसले. त्यांनी फट पाण्याने भिजवून ते बोटांनी अलगद सोडवले आणि थोरल्या मुलाच्या, राजदीपच्या, हाती दिले. गावात शेळ्या फार. तुझ्या गच्चीवर ते सुखरूप राहील, म्हणाले. धाकटा कपिल बाजूलाच उभा होता. गावची शेती तोच पाहतो. "चार एकर माती माझ्यापाशी, अन् झाड चाललं बादलीत," एवढेच तो म्हणाला होता, आणि दीपमालाला त्या दिवशी एक चोरटे सुख झाले होते. या घरात काहीतरी प्रथमच तिच्या वाट्याला आले होते.

ते सुख टिकले नाही, कारण त्याच वर्षीच्या जूनमध्ये कपिलची प्रेरणा शिकायला त्यांच्या घरी आली. पुढे भीमराजांचा फोन येई तेव्हा ते दोनच प्रश्न विचारत. "प्रेरणा सध्या काय वाचून राह्यली?" आणि मग, "सम्यका बरी हाय ना?" एकीच्या वाचनाची चौकशी, दुसरीच्या तब्येतीची. दोन्ही प्रश्नांत माया सारखीच असेल. पण दीपमाला फोन ठेवल्यावरही कितीतरी वेळ त्या दोन प्रश्नांमधल्या अंतरात उभी राही.

आज अश्विन पौर्णिमा होती, वर्षावासाची समाप्ती. आषाढापासून गावच्या विहारात रोज संध्याकाळी चाललेले ग्रंथवाचन आज पूर्ण व्हायचे, खीर वाटली जायची, आणि त्याआधी उन्हे कलताना, रोप जमिनीत लागायचे. शेवटचे प्रकरण कोण वाचणार, ते भीमराजांनी विचारले नव्हते, सांगितले होते. प्रेरणा.

"गच्च धरून बसली जशी काय," दीपमाला आरशाकडे पाहत म्हणाली. "मरून गेलेलं रोप हाय ते, पोरी. आता जपून कोणाले दाखवतं?"

प्रेरणाने मान वर केली नाही. "हो, मोठीआई," ती म्हणाली.

तो होकारच दीपमालाला सर्वांत अधिक सलत असे. त्याला कडाच नव्हती. धरून भांडावे म्हटले तर हाताला काही लागत नसे.

*

खिरीचे पातेले विहाराच्या मागच्या चुलीवर चढले होते. कपिलची बायको पुष्पा ते ढवळत होती, आणि जावेची जरीकाठाची साडी धुराच्या उलट्या बाजूला कशी सरकत जाते ते पाहत होती.

"इकडं बसा ना, बाई. धूर तिकडं नाही येत," ती म्हणाली.

"राहू दे. मले सवय नाही आता चुलीची. डोळे चुरचुरते."

"व्हय, तुमच्या तिकडं गॅस." पुष्पाने लाकूड आत सारले. "आमचे डोळे चुलीचेच."

चारोळ्या निवडत बसलेली सासू, तुळसाबाई, हसली. "दोघीच्याही डोळ्यात धूर हाय. चुलीले कायले नाव ठेवता?"

पुष्पाचे लक्ष विहाराच्या पायरीवर बसलेल्या आपल्या लेकीकडे होते. प्रेरणा गेल्या उन्हाळ्यापेक्षा उंच झाली होती. वेणी नीट, नखे स्वच्छ, पायात बंद चपला. पुष्पाने तिला पुसदला पाठवले ते छाती ताठ करून. पण पाठवल्यापासून तिला रोज वाटे की आपण मुलगी शिकायला पाठवली नाही, देऊन टाकली. सकाळी भेटल्याबरोबर तिने लेकीला कवेत घेतले होते. लेक आली कवेत, पण पाहुणीसारखी.

"काय खाते वो तिकडं?" तिने विचारले होते.

"सगळं खातो आई."

"मोठीआई रागावते काय?"

"नाही."

"मंग बोलत काहून नाही? पहिले तर तोंडाले टाका नव्हता तुह्या."

"बोलतोच तर आहे, आई."

आहे, म्हणाली. हाय नाही म्हणाली. त्या एका शब्दाने पुष्पाला जावेच्या घरातला सगळा थंडावा दिसला: फरशी, पंखा, काचेचे कपाट, आणि त्या थंडाव्यात हळूहळू परकी होत चाललेली आपली मुलगी. शहराची घमेंड चढली, तिने मनाशी निदान केले. मुलीवर रागावणे सोपे होते. जावेचा हेवा करणे त्याहून सोपे. मुलगी गप्प का आहे, हा प्रश्न या दोहोंच्या मागे राहून गेला.

"वाचशीन ना वो बरोबर?" तिने आता लांबूनच हाक देऊन विचारले. "सगळा गाव येणार हाय."

प्रेरणाने मान हलवली. तिच्या शेजारी बसलेली सम्यका मात्र एकदम उठली आणि विहिरीकडे चालू लागली. दीपमालाने ते पाहिले. पुष्पानेही पाहिले, आणि तिला जे वाटले त्याची तिला लगेच लाज वाटली. पण वाटले खरे, आणि गोड वाटले.

*

खड्डा कपिलने सकाळीच खणून ठेवला होता, जुन्या पिंपळाच्या जागेपासून आतल्या बाजूला, रस्त्याची हद्द सोडून. कडेला शेणखताचा ढीग, पाण्याची बालटी, आणि पितळेचा लोटा.

भीमराज त्या लोट्याकडे पाहत उभे होते. तो उकंडाचा लोटा. त्यांनी गावातल्या शाळेत पस्तीस वर्षे शिकवले, पण आपण खरे शिकवले ते शाळेत नव्हे, उन्हाळ्याच्या सुट्टीत या पिंपळाखाली, असे त्यांना वाटे. नातवंडे आणि वस्तीतली मुले भोवती बसत. ते सांगत: कोणी वाईट बोलले, कोणी ढकलले, पाणी भरताना कोणी आपले भांडे बाजूला सारले, तर लगेच तोंड उघडायचे नाही. आधी लोटाभर पाणी पिंपळाला घालायचे. लोटा रिता होईस्तोवर उत्तर नाही. याला क्षांती म्हणतात, बाळांनो. आणि मुले विचारत, आबाजी, मग पुढे? तेव्हा ते मुळांवर हात ठेवून म्हणत, झाडावर श्रद्धा ठेवा. झाड सारे पोटात घेते.

मुले खरोखर पाणी घालत. दोघे भांडले की दोघांचेही लोटे, आणि मग दोघेही हसत. सुनांपैकी पुष्पाला हे ठाऊक होते, कारण ती इथेच राहत होती. थोरलीला कुणी सांगितले नव्हते. सांगायला हवे, असेही कुणाला कधी वाटले नव्हते.

राजदीपने बादली आणून खड्ड्याशी ठेवली.

कपिल बादलीशी उकिडवा बसला. मग त्याने रोपाचा शेंडा दोन बोटांत धरला. "दादा, हे काय आणलं गा?"

"पानं गळली. ऋतू असंल."

"ऋतू? पिंपळ भिंतीत उगवते. कौलात उगवते. आपण उपटून फेकलं तरी उगवते. तुमच्या घरी तेवढं नाही जगलं." तो हसला, पण त्यात हसणे नव्हते. "शेळ्या नाही खाणार म्हणे तिथं. शेळीनं खाल्लं असतं तर बुड तरी राह्यलं असतं."

"कपिल, मी काय मुद्दाम मारलं?"

"तुम्ही पाह्यलंच नसंल. नोकरीवाले तुम्ही."

"अन् तुले दिलं असतं तर तू रोज पाह्यलं असतं? तुह्या सोयाबीनवर अळी पडते तेव्हा तूच म्हणतं, दादा, ध्यानातच नाही राह्यलं!"

"माह्या सोयाबीनचं नाव घेऊ नको!"

चुलीजवळून बायका आल्या. वस्तीतली दोन-चार माणसेही थबकली. दीपमालाला त्यांच्या नजरा आपल्या साडीवर, आपल्या हातांवर, आपल्या घरावर फिरताना जाणवल्या. घराण्याचे झाड थोरलीच्या घरी मेले, हे आता खिरीबरोबर दारोदार जाणार होते.

"पाणी नाही पाजलं असंल," पुष्पा म्हणाली. अगदी हळू, पण ऐकू जाईल इतके.

आणि दीपमालाच्या मनात वर्षभर साठलेले एकदम वर आले.

"पाणी?" ती म्हणाली. "पाणी नाही पाजलं म्हणतं? तुहीच पोरगी पाजत होती! रोज. दिवसातून दोनदा, तीनदा. शाळेतून आली की लोटा. जेवण झालं की लोटा. मी काही म्हणाले, की हो मोठीआई म्हणे, अन् चालली लोटा घेऊन गच्चीवर. त्या दिवशी भांडी घासायवरून बोलले, तरी तेच. मले वाटे, दाखवते. आबाजीले कळावं, किती जीव लावते झाडाले. म्हणून मी सम्यकालेही धाडे, तूही टाक म्हणे एक लोटा, तुहं नाव काहून मागं राहावं. इचारा न तिले! पाण्याची कमी नव्हती माह्या घरी!"

ती थांबली.

कपिलने रोपाचा शेंडा सोडला होता. राजदीप खाली पाहत होता. पुष्पाच्या हातातला खिरीचा चमचा तिरका झाला होता, आणि त्यातून दूध तिच्या पावलावर थेंब थेंब पडत होते. तुळसाबाईने डोळे मिटून घेतले. दीपमालाने एकेका चेहऱ्याकडे पाहिले. या सर्वांना काहीतरी माहीत होते, जे तिला माहीत नव्हते. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, तरी आजही हे घर तिच्यासमोर दार लोटून घेत होते.

"काय झालं?" तिने विचारले. "असे काहून पाहून राह्यले सगळे माह्याकडं?"

भीमराजांनी बादली आडवी केली. माती लगद्यासारखी सरकून बाहेर आली, आणि तिच्यामागून कुजका, हिरवट वास. मुळे काळी पडली होती. हाताला लागताच त्यांची साल निसटत होती. बादलीच्या बुडाशी बोटभर पाणी अजूनही होते. त्यांनी ते पाणी पाहिले, आणि त्यांना आपले स्वतःचे शब्द ऐकू आले. झाड सारे पोटात घेते.

"प्रेरणा," ते म्हणाले. "इकडं ये, बाई."

ती आली.

"हे सगळं पाणी... कोणापायी घातलं?"

ती गप्प राहिली. आणि एका क्षणासाठी, तो क्षण भीमराजांना पुढे अनेक रात्री आठवणार होता, त्यांना तिच्या त्या गप्प राहण्याचा अभिमान वाटला.

मग पुष्पा ओरडली. "कोणापायी म्हणून काय इचारता, मामाजी! मोठ्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगतलं न आता! मी काही बोलले, की लोटा, म्हणे!" ती दीपमालाकडे वळली. "माह्या लेकराले काय केलं वो तुम्ही? दिवसातून तीनदा? बाई, शत्रूले तरी तीनदा बोलते काय कोणी?"

तेव्हा राजदीपने, जमिनीकडेच पाहत, आपल्या बायकोला लोट्याचा अर्थ सांगितला. चार वाक्यांत. दीपमाला ऐकत होती, आणि तिच्या गच्चीवरची प्रत्येक संध्याकाळ एकामागून एक उलटी होत चालली होती.

*

प्रेरणाला वाटले, आता पाणी घालावे. हात सवयीने लोट्याकडे गेलाही. पण घालायचे कशाला? झाड तर आडवे पडले होते.

मोठीआई वाईट आहे असे तिला कधी वाटले नव्हते. मोठीआई आजारपणात उशाशी बसे. पण निकाल लागला, की मोठीआईचे ओठ बारीक होत, आणि मग काहीतरी होई. दिवा लवकर मालवला जाई. "फुकटचं खाऊन अक्कल बरी येते," असे भांड्यांशी बोलले जाई. प्रेरणा जिना चढे. पाणी घालताना ती मनात म्हणे, झाडा, घे. आधी आधी ते घेई. पुढे पुढे पाणी मातीवर नुसते उभे राही, त्यात आकाश दिसे, आणि तिला वाटे की आपली श्रद्धा कमी पडते आहे. म्हणून ती आणखी एक लोटा घाली.

आता सगळे एकदम बोलत होते. आई म्हणत होती, पोरगी परत जाणार नाही. बाबा म्हणत होते, रोप अन् पोरगी, दोन्ही दिले तुमच्या भरवशावर. मोठेबाबा म्हणत होते, अरे, शाळेचं वर्ष आहे, कपिल. तिच्या दुःखाचा जो तो आपल्या बाजूने साक्षीदार करीत होता. तिला कुणी विचारत नव्हते.

"चुप बसा," आजी म्हणाली.

तुळसाबाई उठून खड्ड्याशी आली. तिने आपल्या नवऱ्याकडे पाहिले. "काय जी गुरुजी, पोरायले अर्धीच गोष्ट सांगता काय तुम्ही?"

"म्हणजे?"

"मी नवी नवरी होती या घरात. झाड तेव्हा मोठं झालं होतं, पण रातीतून खोड जाळलं होतं एका जणानं. तुमचे वडील उठले. रागानं हात थरथर करे त्यायचा. लोटाभर पाणी घातलं. लोटा रिता झाला, हात थांबला. अन् मंग?"

भीमराजांनी लोट्याकडे पाहिले.

"मंग लोटा अथीच ठेवला अन् गेले त्याच्या दारात. दिवसाढवळ्या. दारात उभं राहून म्हणाले, झाड तू जाळलं. मले माहीत हाय. मी उद्या याच वाटेनं जाणार हाय, तूही जाशीन, मंग तोंड लपवू नको. बस. शिवी नाही, हात नाही. घरी आले, जेवले." तिने प्रेरणाच्या डोक्यावरून हात फिरवला. "पाणी कायले होतं, माय? झाडाच्या पोटात टाकाले नव्हतं. आवाज कापू नये म्हणून होतं. श्रद्धा झाडावर नव्हती त्यायची. त्या दारातल्या माणसावर होती. आज नाही तर उद्या ऐकन, यावर."

"हे मी सांगत नाही काहून?" भीमराज स्वतःशीच म्हणाले. त्यांना उत्तर ठाऊक होते. पाणी घालणारी मुले दिसायला फार सुंदर दिसत. दारात जाऊन उभी राहणारी मुले पाहायला छाती लागते.

प्रेरणाने लोटा उचलला, बालटीत बुडवला, आणि पाणी रिकाम्या खड्ड्यात घातले. सावकाश, धार न तोडता. मग लोटा खाली ठेवला आणि ती मोठीआईसमोर जाऊन उभी राहिली.

सगळ्यांना वाटले ती आता दिवे, भांडी, टोमणे, सगळे मोजून दाखवील. पुष्पाला तर तसे हवेच होते.

"मोठीआई," प्रेरणा म्हणाली, "राखीच्या पौर्णिमेले विहारात माह्यं नाव पुकारलं होतं. वाचाले. तुम्ही मले घरी ठेवून गेल्या होत्या, अन् तिथं सांगतलं, तिले ताप हाय." ती थांबली. आवाज कापला नाही. "मले ताप नव्हता."

*

एवढेच होते.

दीपमालाला ती संध्याकाळ आठवली. पुसदच्या विहारातली पांढऱ्या साड्यांची रांग, माईक, आणि नाव पुकारले गेल्यावर आपल्याच तोंडातून सहज बाहेर पडलेले खोटे. मग सम्यका उठली होती. एकाच शब्दावर तीनदा अडखळली होती, आणि घरी येईस्तोवर रडत होती. घरी गच्चीवर दुसरी मुलगी रिकामा लोटा घेऊन उभी होती. आपण एका खोट्याने दोघींना मारले. नाही म्हणता येईल, तिला वाटले. पुरावा काय? पोरींचे बोलणे. साऱ्या वस्तीपुढे, पुष्पापुढे हो म्हणायचे?

"मम्मी," कुणीतरी म्हणाले. विहिरीवरून परतलेली सम्यका तिच्या मागे उभी होती. "मी तुले म्हटलंच होतं, मले नाही येत वाचता तसं. मले नाही वाचायचं होतं."

ती काहीच मागत नव्हती. फक्त थकली होती. दुसऱ्या कुणाच्या हेव्याचे ओझे इतके दिवस वाहून थकावे, तशी.

"नव्हता," दीपमाला म्हणाली. "ताप नव्हता तुले. मी खोटं बोलले."

पुष्पा पुढे सरसावली. "ऐका! ऐकलं न सगळ्यायनं? आता पोरगी नाही जात. माह्यापाशीच राहीन ती, महागावले शिकन—"

"पुष्पे, खीर लागली बुडाशी," तुळसाबाई म्हणाली, आणि खरोखरच करपल्याचा वास येत होता. पुष्पा चुलीकडे धावली, आणि धावता धावता तिला रडू फुटले. कारण सकाळी आपणही लेकीला प्रश्न विचारून उत्तराआधीच तिच्यावर रागावलो होतो, हे तिला त्या वासात आठवले.

कपिल गुडघ्यांवर बसला होता. विळ्याने तो काळी मुळे एकेक कापून टाकीत होता. खोडाजवळ, अगदी आत, दोन मुळे अजून पांढरी होती. "जगन हे," तो म्हणाला. "पण जमिनीत नको एवढ्यात. वर्षभर बादलीतच राहू द्या. अथी ठेवतो, माह्या ओसरीवर." हे त्याने थोरल्या भावाकडे वर न पाहताच म्हटले.

"अथी कायले? मी नेतो परत. चूक माह्या घरी झाली," राजदीप म्हणाला.

"म्हणूनच म्हणतो अथी ठेवा."

ते पुन्हा सुरू होणार होते. भीमराजांनी हात वर केला. "तिले इचारा," ते म्हणाले.

प्रेरणाने आईच्या पाठीकडे पाहिले, चुलीवर वाकलेल्या. मग सम्यकाकडे. मग ती म्हणाली, "पुसदलेच न्या, मोठेबाबा. मीही येतो. शाळा हाय माही." आणि दीपमालाकडे वळून, "पण मोठीआई, बादलीले भोक पाडा."

कुणी हसले नाही. दीपमालाच्या डोळ्यांपुढे तिची पांढरी फरशी आली, तिच्यावरून वाहत जाणारे मातीचे ओघळ, जे पुसता पुसता तिची आई राजूरला म्हातारी झाली होती. तिने साडीचा पदर कमरेला खोचला. कपिलच्या पिशवीतून मोठा खिळा काढला, बादली पालथी घातली, आणि खड्ड्याकाठचा दगड उचलला.

"मी करतो वहिनी," कपिल म्हणाला.

"सरक."

पहिला घाव निसटला. दुसऱ्याला प्लास्टिक चरकले. चौथ्या घावाला खिळा आरपार गेला. तिने तो हलवून भोक मोठे केले, आणि शेजारी दुसरे पाडले, मग तिसरे.

संध्याकाळी विहारात दिवे लागले आणि प्रेरणा वाचायला उठली. तो आवाज, स्वच्छ, न अडखळणारा, भिंतींना लागून परत येऊ लागला, तेव्हा दीपमालाच्या छातीत तेच जुने काहीतरी हलले. ते गेले नव्हते. एका दिवसात ते जाणारही नव्हते. ती शेवटच्या रांगेत, दाराशी बसली होती. उठून जाणे सोपे होते. शेजारी सम्यका होती. नव्या मातीने भरलेली बादली दोघींच्या मध्ये होती, आणि घातलेले पाणी तिच्या बुडातून हळूहळू झिरपून तिच्या जरीकाठाखाली पसरत होते. दीपमालाने काठ उचलला नाही. ती ऐकत बसली.